मामाची मिशी आणि रिकामी डबी

"अरं, यात काय नायच!" मामा एवढ्यानं ओरडला की आमच्या करंजाड्यातल्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावरून एका बाईनं, कोण गेलं म्हणून विचारलं. "रिकामी हाय! कुवेतवरनं ह्यानं मला रिकामी डबी आणून दिली!"

डबी म्हणजे मामाच्या जर्मन गाडीचा ब्रीदर फिल्टर. डिझेल इंजिनाच्या पोटात वायू धरतो. तो बाहेर सोडायचा आणि त्याच्याबरोबर निघालेलं तेल मागे ठेवायचं, एवढंच या डबीचं काम. मामाला हा भाग समजावून सांगावा लागला नाही. त्याच्या स्वतःच्या पोटाची तीच तक्रार होती, आणि तिथे तर कुठलाच फिल्टर नव्हता.

गव्हाणची जमीन सरकारी प्रकल्पात गेली आणि मोबदल्याच्या पैशांतून ही जर्मन आली. तिसऱ्या हाताची, काळीकुट्ट, आणि लांब इतकी की पुढचे दिवे वळणापलीकडे पोचले तरी मागचे अजून घरीच. धुराचं तर विचारू नका. ती उरण रोडनं गेली की मागचे ट्रकवाले भरदुपारी दिवे लावायचे आणि खाडीतले बगळे संध्याकाळ झाली समजून झाडावर परतायचे. जुन्या डबीत नमद्याची, म्हणजे जाड दाबीव कापडाची, गुंडाळी होती. ती तेल पिऊन पिऊन घट्ट झाली, वायूला वाट राहिली नाही, मग तो तेलालाच रेटून नको तिथे नेऊन जाळायचा.

तेही खपलं असतं, पण मामानं लेकीची सोयरीक कोन गावात जमवली. पहिल्या भेटीला जर्मन व्याह्यांच्या अंगणात शिरली आणि वाळत घातलेल्या सुकटीवर काजळी धरली. व्याही मोजकं बोलणारा माणूस. तो एवढंच म्हणाला, "सोयरे, येताना फोन करत जा. सुकट आत घेऊ."

हे वाक्य मामाच्या घशात मासळीच्या काट्यासारखं रुतलं. त्यानं भरल्या अंगणात मिशीवर हात ठेवला. "सुपारी फोडायला येईन तवा धूर दिसला, तर ही मिशी तुमच्या दारात उतरवीन!" आता मामाची मिशी म्हणजे साधी गोष्ट नव्हे. तिची टोकं खाली झुकली की अर्धं गव्हाण सरपण घरात घ्यायचं. मामीनं लग्नाला होकार दिला तो मामाकडे बघून नव्हे, असं मामीच सांगायची.

तर त्या मिशीसाठी मी पनवेलच्या मोहल्ल्यातल्या माझ्या दोस्ताला कामाला लावला होता. हा कुवेतला पाण्याचा टँकर चालवायचा, पण सुट्टीवर येताना विमान उतरता उतरता चीफ इंजिनियर व्हायचा. त्यानं खजुराच्या खोक्यात लपेटून नव्या पद्धतीची डबी आणली होती. नमदा नाही, कापूस नाही. आत नुसती प्लास्टिकची वळणदार पाती.

"मामा, कसम से, हाच सुधारलेला माल," तो म्हणाला. "ह्या पात्यांवरनं हवा चक्कर मारते, तेल भिंतीला चिकटतं नि खाली टपकतं. पुन्हा बदलायची झंझट नाय."

"हवेनं चक्कर मारली नि तेल टपकलं? मग तुझ्या मामीच्या भज्यांना पंखा लावू काय?"

"लावा की. वायू कमी होईल."

मामा फणफणत बाजूला झाला. आम्ही इंजिनावरचं झाकण काढलं, पाइप सोडवला, बोल्ट ढिले केले आणि जुना नमदा उपसला. मेलेली घूस बाहेर यावी तसा तो आला, वासासकट. नवी डबी बसवली, तिची रबरी रिंग नीट बसली का बोट फिरवून पाहिलं, बोल्ट आवळले. गाडी चालू केली. धूर नाही! मामानं सायलेन्सरपाशी आपला पांढरा रुमाल धरला. रुमाल पांढराच राहिला. मग त्यानं करंजाड्याला एवढे फेरे घातले की लोकांना वाटलं, निवडणूक लागली.

सुपारीच्या दिवशी सकाळी तो मला आणि माझ्या कुवेतवाल्या दोस्ताला घ्यायला आला. फेटा, अत्तर, मिशीला तेल. पनवेलपर्यंत जर्मन लोण्यातून सुरी जावी तशी गेली. पळस्प्याजवळ मला जळका वास आला. आरशात पाहिलं तर मागे पनवेल नव्हतं.

कोनला आम्ही पोचलो हे तिथल्या लोकांना आवाजावरूनच कळलं असावं. धूर बसला, तेव्हा सगळं अंगण मामाच्या मिशीकडे बघत होतं. कुवेतवाल्यानं बॉनेट उघडलं, डबी सोडवली, बोट आत घातलं आणि काहीतरी ओढायला लागला. ओढतोय, ओढतोय, तरी संपेना. जादूगाराच्या टोपीतून रुमाल निघावेत तसा काळा, तेलानं थबथबलेला कापूस निघत राहिला.

"मामा, हे काय?"

"वातीचा कापूस," मामा म्हणाला. "मामीच्या देव्हाऱ्यातला. सोवळ्यातला हाय."

"पण घातला कशाला?" मी ओरडलो.

"मग! शुभकामाला निघायचं, नि सगळ्यांच्या पुढं रिकामी डबी? आमी शेजारणीची वाटीबी रिकामी परत देत नाय!"

"मामा," कुवेतवाला म्हणाला, "तेलात वात तुमी घातलीच व्हती. काडी तेवढी मला सांगायची, तीबी आणली असती."

परदेशातल्या कुणा शहाण्यानं डोकं शिणवून जे बाहेर काढलं होतं, ते मामानं पहाटे हळदकुंकू वाहून परत आत कोंबलं होतं. आणि गंमत बघा, साहेबलोकांची रिकामी आश्वासनं ज्यांनी भरल्या शेतांच्या बदल्यात मुकाट घेतली, त्यांना एवढीशी डबी मात्र रिकामी चालली नाही.

मामानं फेटा काढून माझ्या हातात दिला. छाती पुढे काढून तो व्याह्यांसमोर उभा राहिला. मिशीची टोकं एव्हाना आपणहून खाली आली होती.

"वस्तरा आणा," मामा गरजला. "बोललो ते बोललो!"

व्याही ओटीवरून उठलासुद्धा नाही.

"बसा, सोयरे," तो म्हणाला. "सुकट आमी सकाळीच आत घेतलीय."