पट्ट्याची धास्ती

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी लेस्टरच्या एका हॉस्पिटलात कॅज्युअल्टीत डॉक्टर होते. माझ्या मोठ्या नणंदबाई, आमच्या वन्सं, नॉटिंगहॅमला राहायच्या. एकदा त्यांनी टीव्हीवर एका बाईची मुलाखत पाहिली. गाडी कॅनॉलमध्ये पडली होती, सीटबेल्ट सुटेना, बाई जेमतेम वाचली. मग आठवडाभर पेपरवाले तेच चघळत बसले. तेव्हापासून वन्संनी पट्टा सोडला, पुढची सीटही सोडली. त्या मागे, यजमानांच्या पाठीमागे बसू लागल्या. मागच्या सीटसाठीही कायदा आला, तरी त्या बधल्या नाहीत.

"वन्सं, पाण्यात पडलेल्या गाडीतलं कोणी मी अजून पाहिलं नाही," मी एकदा म्हणाले. "काचेवर आपटलेली माणसं मात्र सारखी बघते."

"बुडालेले तुझ्याकडे कशाला येतील?"

"त्यांनाही आमच्याकडेच आणतात हो."

पण त्या चहा गाळायला उठल्या होत्या.

एका रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला निघाली. वन्संच्या मांडीवर श्रीखंडाचं पातेलं होतं. राउंडअबाउटच्या गोल चौकापाशी पुढची व्हॅन थांबली आणि त्यांची गाडी तिच्यावर गेली. वेग काही फार नव्हता. पट्ट्यामुळे यजमान जागच्या जागी राहिले, आणि मागून वन्सं सगळ्या वजनानिशी त्यांच्यावर आदळल्या. वन्संचा हात मोडला. यजमानांची मान मोडली.

नॉटिंगहॅमच्या वॉर्डात तिथल्या डॉक्टरनं मला एक्स-रे दाखवला. "मागे कोणी होतं का, पट्टा न लावता?" त्यानं हळूच विचारलं. मी मानेनंच हो म्हटलं. त्यानं एक्स-रे पाकिटात घातला.

वन्सं बाहेर प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"बघितलंस? त्या मेल्या पट्ट्यानं त्यांना बांधून ठेवलं. मी मोकळी होते म्हणून वाचले."

आत त्यांच्या नवऱ्याला मानेखाली काही हलवता येत नव्हतं. मी वन्संना काय सांगणार होते? आणि सांगून कोणाची मान जुळणार होती? मी शेजारी बसून त्यांच्या हाताची झोळी नीट केली.

पुढे स्थानिक पेपरचा माणूस आला. वन्संचा फोटो छापून आला आणि खाली त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं. डॉक्टरांना कोणी विचारलंच नाही. मराठी मंडळात ते कात्रण हातोहात फिरलं.

पुढच्या हिवाळ्यात छातीत कफ साठून वन्संचे यजमान गेले. तेराव्यानंतर वन्संची एक मैत्रीण मला स्टेशनला सोडायला निघाली. तिनं पट्टा खांद्यावरून ओढला, पण अडकवला नाही, नुसता हातात धरला.

"पोलिसांना दिसावा म्हणून," ती म्हणाली.

"लावा ना तो. प्लीज."

तिनं माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. "तुमच्या घरात एवढं होऊनसुद्धा असं म्हणता?"

एका हातानं तिनं गाडी रस्त्यावर घेतली.