पाहुणचाराचा व्हिसा

आमच्या विद्यापीठात आता कुणीही मला परदेशी पत्र लिहायला सांगत नाही. शिपाई टपालाचा गठ्ठा घेऊन आला आणि वर परदेशी तिकीट दिसलं, तर तो माझं टेबल वळसा घालून पुढे जातो. त्याचं चुकत नाही.

आमचं भात संशोधन केंद्र अलिबागच्या खारेपाटात आहे. केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक गोदाम आणि खाडीच्या बांधाआड पसरलेली खारी जमीन. पावसानं मीठ धुऊन निघालं की लावणी करायची, आणि पावसानं दगा दिला की करपलेल्या रोपांवर निबंध लिहायचा, असा माझा धंदा. व्हिएतनाममधल्या एका विद्यापीठातून मेल आली तेव्हा म्हणूनच मी हरखलो. त्यांच्याकडेही समुद्र शेतात शिरतो. शेवटच्या वर्षाच्या एका मुलीला आमच्याकडे इंटर्न म्हणून यायचं होतं. लावणीपासून कापणीपर्यंत खाऱ्या जमिनीतल्या भाताच्या मुळांचा अभ्यास करायचा, तो तिच्या सरांना सादर करायचा, मग पदवी. तो झाला नाही तर पदवी नाही, हे तिनं पहिल्याच मेलमध्ये स्वच्छ लिहिलं होतं.

आमच्या मुख्य कचेरीत परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या एक मॅडम आहेत. त्यांनी मला पत्राचा नमुना पाठवला. विद्यापीठानं इंटर्नला प्रायोजित करायचं तर काय काय लिहून द्यावं लागतं, ते सगळं त्यात होतं. ती कोणतं काम करणार, कुणाच्या हाताखाली, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत. राहणार कुठे, खर्च कोण करणार. आणि शेवटी, मुदत संपताच ती देश सोडून जाईल याची जबाबदारी आमची.

मी तो नमुना वाचला आणि मला लाज वाटली. आमच्याकडे घरातून निघणारा माणूससुद्धा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आणि मी एका परक्या मुलीला, ती अजून यायची आहे तोवर, ‘तू कधी जाणार’ हे विचारायचं? वर ‘आमच्या देखरेखीखाली काम करील’. आलेल्या पाहुणीला चिखलात राबवणार, हे शिक्का मारून कळवायचं? आमच्या वाडवडिलांनी चौलच्या बंदरात कुठकुठच्या गलबतांवरची माणसं उतरवून घेतली, त्यांना कुणी असं विचारलं असेल का?

तेव्हा मी नमुना बाजूला ठेवला आणि माझं पत्र लिहिलं. आपण आमच्या कुटुंबातल्याच आहात. आमचा सुंदर किनारा पाहावा, नारळी-पोफळीच्या वाडीत हवे तितके दिवस राहावं, भातशेतीही बघावी, आमच्या पाहुणचाराचा सहर्ष स्वीकार करावा. खाली केंद्राचा गोल शिक्का.

बायकोनं वाचून विचारलं, “आहेर आणू नये, हे लिहायचं राहिलं का?”

ते पत्र बघून त्या मुलीनं बिचारीनं मेल केली, “सर, मग व्हिसा कोणता काढू?” या प्रश्नाचं उत्तर मॅडमना विचारायला एक फोन पुरला असता. मी लिहिलं, “मिळेल तो काढ. तू ये तर खरी, पुढचं पुढे बघू.” या एका वाक्यावर अख्खं कोकण चालतं. व्हिसाचं खातं चालत नाही.

पावसाळ्यात मांडव्याच्या लाँचा बंद असतात, म्हणून ती गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीनं आली. भर पावसात मी छत्री घेऊन उभा. लहानखुरी मुलगी, पाठीवर बोजा, आणि पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. बोटीतून उतरतानाच ती चिखलाच्या तयारीनं आली होती. घरी बायकोनं घावणे आणि नारळाचा रस केला होता. मुलीनं न लाजता खाल्लं. मी मनात म्हटलं, झालं, प्रायोजन प्रायोजन म्हणतात ते याहून काय वेगळं असतं?

परदेशी माणूस घरी उतरला की त्याची नोंद करावी लागते, एवढं मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी अलिबागला पोलिसांच्या कचेरीत गेलो. टेबलामागे एक वयस्क हवालदार होते.

“कशासाठी आल्यात या?”

“भाताच्या अभ्यासासाठी,” मी छाती पुढे काढून म्हटलं.

“व्हिसा तर पर्यटकाचा दिसतोय.”

“तेच ते. अभ्यास म्हणजे एक प्रकारचं पर्यटनच.”

त्यांनी चष्मा काढला. “सर, माझी मुलगी तुमच्याच विद्यापीठात आहे. तिला पण असंच शिकवताय?”

मी म्हटलं, चूक झाली, आता इथल्या इथे बदलून द्या. ते म्हणाले, हा इथं बदलत नाही. परत मायदेशी जायचं, तिकडून इंटर्नचा व्हिसा काढायचा, मग यायचं. तोवर फिरायला काही हरकत नाही. “किल्ला दाखवा. देवळं दाखवा. पण शेतात काम न्हाय.”

“नुसती बघेल ती.”

“बघू दे की. बघायलाच तर व्हिसा दिलाय.”

मी बाहेर येऊन मॅडमना फोन लावला.

“मी नमुना पाठवला होता,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“वाचला होता?”

“वाचला म्हणून तर बदलला.”

त्यांनी फोन ठेवला आणि तोच नमुना मला पुन्हा पाठवला.

लावणी तोंडावर आली होती. दोन दिवस पावसानं झोडपलं, जमीन धुऊन निघाली आणि आमच्या शेतात बायका उतरल्या. ती मुलगी रबरी बूट घालून बांधावर, छत्रीखाली. तिच्यासमोर हातभर अंतरावर रोपं चिखलात जात होती. हेच करायला ती समुद्र ओलांडून आली होती. ज्या रोपांची मुळं तिला पहिल्या दिवसापासून मोजायची होती, ती दुसऱ्यांच्या हातांनी लावली जाताना ती बघत होती. बायकांची म्होरकी आमच्या केंद्रात मी लागायच्या आधीपासूनची. ती कंबर सरळ करून म्हणाली,

“सर, पोरीला बांधावर शोभेला बसवलीय काय?”

“तिला रोपांना हात लावायची परवानगी नाय.”

“आन तुमाला?”

“मला आहे.”

“मग तुमी उतरा की. कवा उतरले न्हाय ते.”

सगळ्या हसल्या. मुलीनं मला विचारलं, त्या काय म्हणाल्या? मी सांगितलं, तुझं कौतुक करतायत.

ती आठवडाभरात परत गेली. निघताना रडली नाही, तक्रार केली नाही. नुसतं विचारलं, “सर, या वेळी पत्र कधी मिळेल?” मी म्हटलं, लगेच. तो शब्द मी आजवर फार सैल वापरत आलो होतो, हे मला पुढच्या काही आठवड्यांत कळलं.

पहिला मसुदा मॅडमनी परत पाठवला. ‘सहर्ष’ काढा. दुसरा परत. ‘हवे तितके दिवस’ म्हणजे किती? तारीख घाला. तिसऱ्यात मी काम लिहिलं, पण हात आखडला आणि ‘जमेल तसं, हलकंफुलकं’ असं लिहिलं. मॅडम फोनवर म्हणाल्या, “सर, हलकंफुलकं करायला तिला विद्यापीठ कशाला लागेल?” मग तिच्या विद्यापीठाकडून दाखला हवा, की हे काम तिच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे आणि ती अजून त्यांची विद्यार्थिनी आहे. तो आला तर त्यांच्या भाषेत. भाषांतर करून आलं, तर कुलसचिव दौऱ्यावर. कुलसचिव आले, सही झाली, तर स्कॅन केलेली फाईल इतकी जड की व्हिसाचं संकेतस्थळ ती घेईना. ती हलकी केली तर शिक्का पुसट झाला. पुसट शिक्का चालत नाही.

मी चिडत होतो. कधी मॅडमवर, कधी संकेतस्थळावर, एकदा तर निष्पाप स्कॅनरवर. नियमांवर चिडणं सगळ्यांत सोपं होतं, पण ते जमेना. ते नियम काही वाकडे नव्हते. कोण, कुठे, किती दिवस, कुणाच्या भरवशावर, एवढंच तर विचारत होते. माझी स्वतःची लेक परदेशी निघाली असती, तर हेच मी त्या लोकांना दहा वेळा विचारलं असतं.

भाताला व्हिसा लागत नाही. ते वाढत होतं. पोटरीत आलं, निसवलं, दाणे भरले.

मुलगी इंटर्नचा व्हिसा घेऊन आली तेव्हा लाँचा पुन्हा सुरू झाल्या होत्या आणि लोंब्या वाकल्या होत्या. या खेपेस नोंद बिनबोभाट झाली. ती पहाटेपासून शेतात असे. कापलेल्या धसकटांखालची मुळं उपटून, धुऊन, मोजून, पिशव्यांत भरत असे. म्होरकीशी तिची गट्टी जमली. दोघींची भाषा एक नव्हती, पण माझ्याकडे बघून हसायला ती लागत नाही. काम उत्तम झालं. मी इतकी वर्षं या मातीत घालवून जे तपासलं नव्हतं ते तिनं तपासलं.

परत जाण्याच्या आदल्या दिवशी ती आमच्याकडे जेवायला होती. बायकोनं सुरमई तळली होती. जेवता जेवता मुलीनं सांगितलं, तिच्या सरांची मेल आलीय. कापणीच्या वेळचं काम त्यांनी मान्य केलं, पण लावणीच्या वेळची मोजमापं नसल्यामुळे अभ्यास अर्धाच धरला. उरलेला भाग पुढच्या हंगामात, तिकडच्याच शेतात. म्हणजे पदवी एक वर्ष उशिरा. बरोबरीच्या मैत्रिणी या वर्षी बाहेर पडतील. हे तिनं भात कालवता कालवता सांगितलं, हवामान सांगावं तसं.

मी घास ताटात ठेवला. काही तरी करायला हवं होतं. म्हटलं, “मी तुझ्या सरांना सविस्तर पत्र लिहितो.”

“नको,” बायको म्हणाली. आणि तिच्याबरोबर, त्याच दमात, ती मुलगीही म्हणाली, “नको.” इतक्या दिवसांत ती स्वच्छ मराठीत बोललेला तो पहिला शब्द.

ताटलीत सुरमईची एकच तुकडी उरली होती. बायकोनं ती मुलीच्या ताटात वाढली आणि रिकामी ताटली उचलून आत गेली.