तोड्यांतला मळ

ती घटना आठवली की आजही आधी माझं नाक जागं होतं, डोकं नंतर. हे नाक साधं नाही. सियालदहला गाडीत चढलेला खिसेकापू मी बराकपूरच्या फलाटावर उभा राहून वासाने ओळखतो, असं आमच्या ठाण्यातले लोक सांगायचे. तसं सांगायला मीच शिकवलं होतं, ही गोष्ट वेगळी.

मी कलकत्त्यातच जन्मलेला मराठी माणूस. तेव्हा सॉल्ट लेकमधल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो, म्हणजे इथल्या भाषेत ‘बडोबाबू’. एके सकाळी एक मराठी जोडपं आलं. नवरा बँकेत अधिकारी, बदली होऊन आलेला. छातीवरची माझ्या नावाची पट्टी वाचून बाईंना इतका धीर आला की तक्रार सांगण्याआधी त्यांनी माझं मूळ गाव आणि बायकोचं माहेर विचारून घेतलं. मग पिशवीतून सोन्याचे दोन तोडे टेबलावर ठेवले.

“हे आमचे नाहीत,” त्या म्हणाल्या.

“मग कोणाचे?”

“तेच तर तुम्ही शोधायचं.”

तोडे बाईंच्या आजेसासूंचे. मुलीच्या लग्नात घालायचे म्हणून त्या बहूबाजारच्या सराफाकडे दाखवायला घेऊन गेल्या, तर वजन भलतंच कमी भरलं. सराफ म्हणाला, आतून पोकळ आहेत. बाईंनी निष्कर्ष काढला की कोणीतरी खरे तोडे पळवून तसेच दिसणारे पोकळ करून ठेवले. संशय एकाच व्यक्तीवर. घरकामाला बजबजहून लोकलने येणारी बाई. घरातल्या म्हाताऱ्या सासूबाईंची सोबतही तीच करायची.

“तिची मुलगी नर्सिंग शिकतेय. पैसे कुठून येतात?” नवरा म्हणाला.

“तुमची शिकली तेव्हा कुठून आले?” मी विचारलं. त्याला ते आवडलं नाही. मी एफआयआर नोंदवला, तोडे पंचांसमोर जप्त केले आणि कामाला लागलो.

खबर लगेच मिळाली. इमारतीच्या दरवानाने सांगितलं की सराफाकडे जाण्याच्या थोडे दिवस आधी, बौदी, म्हणजे घरमालकीण वहिनी, बाहेर गेलेल्या असताना, ती बाई वर्तमानपत्रात गुंडाळलेली जड वस्तू पदराखाली घेऊन गेली. मागे वळून वळून बघत होती. आता दरवानाला बडोबाबूसमोर सगळेच मागे वळून बघताना दिसतात. पण वस्तू गेली होती हे खरं.

स्त्रीला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं. मी महिला शिपाई घेऊन त्या फ्लॅटवरच गेलो. घरची माणसं आतल्या खोलीत बसवली. बाई चाळिशीची, काटक. सगळ्या प्रश्नांना बंगालीत चटाचट उत्तरं. कपाटाची किल्ली कुठे असते, माहीत आहे. तोडे पाहिले आहेत का, हो, पुसलेतही.

“वर्तमानपत्रात काय होतं?”

ती एकदम गप्प.

माझ्या नजरेने सॉल्ट लेकचे हिरवे सिग्नल लाल होत, अशी माझी ख्याती. ती नजर मी पूर्ण ताकदीने लावली. ती बाई फरशीकडे बघत राहिली.

“हे बघ, तुझ्यावर चोरीचा गुन्हा आहे. अटक झाली तर या शहरात तुला कोणी उंबऱ्यात उभं करणार नाही. मुलीच्या नोकरीच्या वेळीही लोक विचारतील.”

तिचे डोळे भरले. तरी बोलली नाही. महिला शिपाई माझ्या कानाशी म्हणाली, “सर, हिनेच केलंय.” ठाण्यात हा नियमच असतो. गप्प तो दोषी.

आम्ही तिच्यासोबत बजबजला तिच्या घरी गेलो. दार तिनेच उघडलं आणि खाटेखालून वर्तमानपत्राचं गाठोडं स्वतःच काढून दिलं. आत पितळेचं पातेलं. तळाला काळपट तांबूस थर, दगडासारखा. शेजारी चिंच, राख, विटेचा तुकडा. घासून घासून तिचे हात सोलले होते. आणि पातेल्याच्या काठावर देवनागरीत नाव घातलेलं. लग्नात आलेल्या भांड्यावर आपल्याकडे घालतात तसं. नाव सासूबाईंचं.

“पातेलं चोरलं?” शिपाई चक्रावली.

मी स्टोव्ह पेटवायला सांगितलं आणि पातेलं वर ठेवलं. थर मऊ झाला, वास सुटला, आणि मी थेट आमच्या मालखान्यात पोचलो. जप्त केलेल्या मुद्देमालाच्या प्रत्येक पुडक्यावर आम्ही मोहर उठवतो, ती ज्याची असते त्याचाच हा वास. लाख. नोकरीत मी इतकी लाख वितळवली आहे की तिने हावडा पूल वरपासून खालपर्यंत सारवता आला असता.

त्या बाईला विचारलं तर ती फक्त म्हणाली, “माशीमांना त्रास देऊ नका.” म्हणजे सासूबाईंना.

मी परत फ्लॅटवर आलो आणि सासूबाईंसमोर एकटाच बसलो. चोरीचा विषयच काढला नाही. म्हटलं, “आजी, तोडे काय लखलखताहेत हो. आमच्या हिचे दागिने नेहमी मळकट. तुम्ही कशाने धुता?”

आजी दाराकडे बघून जवळ सरकल्या. “रिठ्याने मी जन्मभर धुतले. पण फोनवर एक मुलगी दाखवत होती, सोडा घालून खळखळ उकळायचे. काय सांगू तुम्हाला, किती मळ निघाला. काळा कुळकुळीत. पाणी बदललं, पुन्हा उकळले, पुन्हा मळ. म्हटलं, सासूबाईंनी हे कधी धुतलेच नव्हते की काय.”

“आणि पातेलं?”

“तळाला सगळं करपलं. सुनेनं मला गॅसला हात लावायची बंदी केली आहे. एकदा दूध विसरले ना. पुन्हा असं केलंत तर सांगलीला धाकट्याकडे पाठवू, असं मुलगा म्हणाला होता. ही म्हणाली, माशीमा, मी घासून आणते, कोणाला कळणार नाही.”

“आजी, तो मळ नव्हता. जुने तोडे असेच करायचे. वर सोन्याचा पत्रा, आत लाख भरलेली. तुम्ही ती उकळून काढलीत. सोनं गुंजभरही गेलेलं नाही.”

आजींनी पदराला हात पुसले. मग विचारलं, “तिला नेणार होतात?”

“उद्या.”

आजी उठल्या. मी हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. बाहेरच्या खोलीत जाऊन मुलाला आणि सुनेला म्हणाल्या, “तोडे मी उकळले. गॅस मी लावला. तिचं तोंड मी बंद केलं. आता मला सांगलीला पाठवायचं तर पाठवा.”

सूनबाई खाली बसल्या. मग म्हणाल्या, “आई, तुम्हाला कोणीही कुठे पाठवत नाही.”

सराफाला बोलावून खात्री केली. सोनं जिथल्या तिथे. न्यायालयात वस्तुस्थितीच्या गैरसमजातून तक्रार झाल्याचा अंतिम अहवाल पाठवला. तोडे परत देताना बजावलं की लाखेचा दागिना कोमट पाण्यात रिठ्याने हलक्या हाताने धुवायचा आणि सुती कापडाने टिपायचा. आणि मोत्यांना तर तेही नको, ओलसर फडकं पुरे. मोठ्या गुन्हेगारांनाही मी इतकं शांतपणे समजावलेलं नाही.

ती बाई पातेलं घेऊन आली. दारातच उभी. सूनबाईंनी विचारलं, “उद्या येशील ना?”

“उद्या नाही, बौदी. उद्या मी रुसणार आहे. परवा येईन. पण माशीमांना चहा करू द्यायचा. मी शेजारी उभी राहीन.”

“बरं,” सूनबाई म्हणाल्या, आणि पातेलं तिच्या हातातून स्वतः घेतलं.

कोण काय लपवतो, हे बघायला पोलिसाला शिकवतात. कोणासाठी लपवतो, हे कोणी शिकवलं नव्हतं. त्यानंतर समोर कोणी गप्प बसलं की मी आधी चहा मागवायचो आणि विचारायचो, कोणाला वाचवतोयस? बहुतेक जण स्वतःलाच वाचवत असत, आणि चहा फुकट जायचा. तरी निवृत्तीच्या दिवसापर्यंत तो प्रश्न मी सगळ्यात आधी विचारत राहिलो.