दोन टोप्या

मोटरसायकलच्या स्पार्क प्लगवर जी कॅप बसते, तिला आमचा मिस्त्री टोपी म्हणतो. अमरावतीत वलगाव रस्त्याला त्याचं टिनाचं गॅरेज आहे. सगळे त्याला उस्ताद म्हणतात, मीही म्हणतो. एकोणीस वर्षं माझी गाडी त्याच्याशिवाय कोणी उघडली नव्हती. तो मला भाऊ म्हणायचा. आता साहेब म्हणतो. भाऊचा साहेब कसा झाला, ते लिहून ठेवतो, कारण चूक माझी आहे आणि तिचे आकडे माझ्याकडे आहेत.

माझी नोकरी अकोल्याला, विजेचे मीटर तपासायची. मीटर बरोबर चालतो की मंद, कोणी त्यात हात घातला का, हे यंत्राला जोडून सांगायचं. सोमवारी सकाळी मोटरसायकलनं अकोला, शनिवारी परत अमरावती. मागच्या वर्षी भाद्रपदात गाडी त्रास देऊ लागली. बडनेरा मागे पडेपर्यंत नीट चालायची. मूर्तिजापूरच्या अलीकडे, चाळीसेक किलोमीटरनंतर, मिसिंग सुरू. झटके द्यायची, ओढायची नाही. अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा शहाण्यासारखी निघायची.

उस्तादला सांगितलं. त्यानं मला गाडी ठेवून जा म्हटलं नाही. स्वतः लोणीपर्यंत, जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, पिटाळून आणली, चालू ठेवली, वाकून कान दिला, मग बोटं फिरवली. माझ्या गाडीला एका इंजिनावर दोन प्लग आहेत. त्यातला एक मेला तरी गाडी चालते, पण मन लावून नाही.

"टोपी गेली, भाऊ. दोन्ही बदलून टाकतो. एकाच वयाच्या हायेत, दुसरीही जाईनच."

त्यानं जुन्या टोप्या पिळून काढल्या, वायरींची काळी पडलेली टोकं नखाएवढी कापली, आतली तार उजळ दिसल्यावर नव्या टोप्या पिळून बसवल्या. जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा ही त्याची रीत. दोन्ही टोप्या पेपरात बांधून त्यानं माझ्या हातात ठेवल्या, अर्धा कप चहा पाजला, आणि मी घरी आलो.

घरी माझा मल्टिमीटर आहे. टोपीच्या आत साधारण पाच हजार ओहमचा रोध असतो, हे मला माहीत होतं. मोजला. एकीचा पाच हजार शंभर, दुसरीचा चार हजार नऊशे. तीन-तीन वेळा मोजला, आकडा हलला नाही. दोन्ही टोप्या धडधाकट होत्या.

मीटर तपासणाऱ्या माणसाला अशा वेळी एकच गोष्ट सुचते.

दुसऱ्या दिवशी कॉलनीच्या कोपऱ्यावर, चहाच्या टपरीवर, शेजाऱ्यांनी विचारलं, "काय म्हणते मंग उस्ताद? झाली का गाडी?"

"झाली ना. टोपी घातली मले त्यानं."

"काय सांगता!"

"एक नाही, दोन. दोन प्लग हायेत ना गाडीले."

"बरं झालं बावा, चार प्लगची नाही घेतली तुमी!"

टपरीवाल्याच्या हातातली गाळणी हलेपर्यंत हसले सगळे. मी सहसा विनोद करत नाही. हा जमला, म्हणून पुन्हा केला. ऑफिसात केला, साळ्याकडे केला. मी मोजून नऊ माणसांना तो सांगितला. पुढं त्यांनी किती जणांना सांगितला, तो आकडा माझ्याकडे नाही.

नव्या टोप्यांवर गाडी उत्तम पळत होती, हे मी कोणाला सांगितलं नाही. मनाशी म्हणालो, त्यानं गुपचूप दुसरंच काही साफ केलं असेल आणि नाव टोप्यांवर टाकलं असेल. पण नुसत्या संशयावर शेरा मारायचा नाही, अशी माझी नोकरीतली सवय. म्हणून एका रविवारी मी जुन्या टोप्या परत बसवल्या. राजापेठ, पंचवटी, पुन्हा घर. अकरा किलोमीटर. एक झटका नाही. बायकोला म्हणालो, "पाह्य, सिद्ध झालं." ती म्हणाली, "काय सिद्ध झालं? एकोणीस वर्षांच्या ओळखीचा माणूस चोर निघाला, याचा आनंद होऊन राह्यला का तुमाले?"

सोमवारी मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडीनं झटका दिला.

एका बाभळीखाली थांबलो. इंजिनाला हात लावला आणि चटका बसून तसाच काढला. तेव्हाच कळलं. टोप्या मी घरी टेबलावर मोजल्या होत्या. थंड. अकरा किलोमीटरही थंडच म्हणायचे.

अकोल्याला आमच्याकडे मीटर तापवून तपासायची पेटी आहे. तारा जोडून दोन्ही टोप्या तिच्यात ठेवल्या आणि काचेतून आकडे बघत बसलो. साठ अंशांपर्यंत दोघी सरळ. सत्तरच्या पुढं एकीचा आकडा चढायला लागला. सात हजार, अकरा, तीस. ऐंशीला आकडाच गेला, पडद्याच्या कडेला नुसता '१' उरला. म्हणजे आत तार तुटल्यासारखीच. बाहेर काढून गार केली. पाच हजार शंभर. गाडी तापल्यावर जे सांगत होती, उस्तादच्या बोटांना जे कळलं होतं, ते मला माझ्याच यंत्रानं सांगितलं तेव्हा पटलं.

त्याच शनिवारी उस्तादकडे जायला हवं होतं. मी सात शनिवार गेलो नाही. नव्या टोप्या माझ्या मीच परत बसवल्या.

दरम्यान शेजाऱ्यांनी हसत बातमी आणली. "तुमची टोपी लय चालून राह्यली भाऊ. पोट्टे हवा भराले जातेत अन् इचारतेत, उस्ताद, टोपी घालता का? काल लय भडकला म्हणे. आपल्या कॉलनीतले दोघं-तिघं तर दुसऱ्याकडे जाऊन राह्यले."

आठव्या शनिवारी गेलो. गाडीला काही झालं नव्हतं, तरी चेन ढिली असल्याचं निमित्त केलं. गॅरेजात एक नवी वस्तू होती. पान्यांच्या फळीवर, खिळ्याला अडकवलेला पिवळा मल्टिमीटर.

उस्ताद एका गिऱ्हाइकाला दाखवत होता, "पहा, नवी टोपी. पाच हजार. डोळ्यानं पहा, मंग बसवतो." ते गिऱ्हाईक गेल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"बोला साहेब."

मी सगळं सांगितलं. पेटी, सत्तर अंश, ऐंशी अंश, गेलेला आकडा. मोजणी बरोबर होती पण वेळ चुकीची होती, हेही सांगितलं. तो चेन ताणत ऐकत होता.

"मले मालूम होतं," तो म्हणाला. "थंडी टोपी झूट बोलते. म्हणून तं गाडी पिटाळून आणली होती."

"माझं चुकलं, उस्ताद."

"मोजलं, ते चुकलं नाही. मोजा ना, तुमचं कामच हाये ते." त्यानं नट आवळला. "पण मोजल्यावर इकडे काहून नाही आले? दोन किलोमीटर हाये माझं दुकान. टपरी तेवढी जवळ होती?"

मी म्हणालो, मी प्रत्येकाला जाऊन खरं सांगीन. आणि सांगितलंही. नऊच्या नऊ जणांकडे गेलो, तापलेल्या टोपीचा आकडा समजावला. सहा जण "टोपी" शब्दालाच पुन्हा हसले. दोघांना पहिला विनोद आठवत नव्हता, तो मला परत सांगावा लागला. साळा म्हणाला, "म्हणजे शेवटी घातलीच ना टोपी?"

उस्ताद आजही माझी गाडी करतो. कामात कसूर नाही. चहा येत नाही, आणि तो का येत नाही हे विचारायची सोय मी ठेवलेली नाही. परवा प्लग बदलले. तेव्हा त्यानं मी न सांगता टोप्या काढल्या, पिवळा मीटर उतरवला, काटे लावले आणि पडदा माझ्याकडे वळवला.

"पहा साहेब. पाच हजार शंभर."

टोपी थंड होती. त्या आकड्याला काही अर्थ नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मी पाहिला, आणि मान हलवली.