फलकावर नसलेला गोळा

माझे वडील एकाहत्तरच्या लढाईत समुद्रकाठच्या एका किल्ल्यावर तोफखान्यात होते. मोताळ्याकडच्या आमच्या गावात तेव्हा समुद्र कोणी पाहिलेला नव्हता. लोक गंमत करत, "फौजी, तुम्ही तं तिथं लाटाच मोजल्या असतीन." वडील "हाव" म्हणत आणि वावराकडे निघून जात.

गेल्या हिवाळ्यात भाच्याच्या लग्नासाठी नांदुऱ्याहून गाडीने मुंबईला गेलो, तेव्हा मी त्यांना तो किल्ला दाखवायला नेलं. इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात शत्रूची जहाजं अडवायला तो टेकडीवर बांधला होता. पुढे तोफा काढून नेल्या, झुडपं माजली आणि शेवटी तिथे सार्वजनिक बाग झाली. तोफेच्या गोल चौथऱ्यावर आता घसरगुंडी आहे. दारूगोळ्याच्या तळघरात माळ्याचे पाइप आणि खताची पोती होती.

दारातल्या फलकावर हा सगळा इतिहास होता. शेवटची ओळ अशी, की इथून युद्धात एकही गोळा डागला गेला नाही. वडिलांनी ती दोनदा वाचली.

"हे खोटं हाये."

मग बाकावर बसून त्यांनी सांगितलं. एका सकाळी दाट धुक्यातून एक नाव किनाऱ्याकडे येत होती. इशारे देऊनही थांबेना. इशारा म्हणून नावेच्या पुढे पाण्यात गोळा टाकायचा हुकूम झाला. नेम वडिलांचा होता. गोळा फार जवळ पडला आणि नाव उलटली. नावेत मासे धरणारे दोघे भाऊ होते. दोघेही जिवंत निघाले, पण धाकट्याला त्यानंतर ऐकू येईना. बदली होईपर्यंत वडील दर रविवारी त्यांच्या घरी जात. थोरला बोलायचा, धाकटा नुसता वडिलांच्या तोंडाकडे पाहायचा.

"आम्हाला कधी सांगितलं नाही, बाबा?"

"लोकं लढाईचं इचारत. हे लढाईचं नोतं."

"फलक दुरुस्त करायला सांगू?"

"सांग. पन त्या पोराचे कान गेले, थे बी लिहाले सांग."

मी अर्ज केला. महिन्याभराने उत्तर आलं: अशी नोंद आढळत नाही. वडिलांना त्याचं नवल वाटलं नाही. "साह्यबानं नोंद केलीच नोती," ते म्हणाले.

दुसरा अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. त्यात 'नेम माझा होता' हे वाक्य जास्तीचं होतं. पोस्टात टाकायलाही तेच गेले.