ओढ्याच्या नावाचं गाव

लातूर जिल्हा नवा झाला, त्या दुष्काळातली गोष्ट. आमच्या घरातला पहिला बीए मी. अहमदपूरच्या एसटीत सगळ्यांना दिसेल असं इंग्रजी पुस्तक उघडून बसलो होतो. शेजारचे फेटेवाले काका मांडीवरची रिकामी कळशी बोटांनी वाजवत होते.

“काय वाचायलास, बाबा?”

“नॉर्वेत समुद्रकाठी एक गाव आहे, काका. नाव नुसतं एका अक्षराचं, ‘ओ’. तिकडच्या भाषेत म्हणजे ओढा.”

“इंग्रजीत काय म्हणतेत?”

“तेच. इंग्रजीत त्यांचं ते अक्षर नाही, तरी इंग्रजी ‘ए’वर टिकली देऊन तसंच लिहितात.”

काकांची बोटं थांबली. ते आपल्या गावाचं सांगू लागले. त्यांच्या ओढेवाडीचा ओढा आटला होता. नव्या जिल्ह्याच्या पाट्या रंगवायच्या निघाल्या, तशी पोरं गावाचं नावच बदला म्हणत होती. संध्याकाळी त्यावर बैठक होती.

“आमच्या बाळंतिणी आजबी कोरड्या ओढ्याला हळदकुंकू वाहतेत. पाणी माघारी आलं, तर त्याला गाव सापडाया नको?”

फाट्यावर उतरून ते खिडकीखाली आले. “बैठकीत तुझ्या पुस्तकातल्या गावाचं सांगतो. टिकली वर का खाली?”

“वर, काका!”

पुढच्या वर्षी त्याच फाट्यावरून गेलो. पाटी नवी होती, नाव जुनंच. फक्त ‘ओ’वर एक लाल टिकली होती.