कुस्करलेलं वॉफल

ब्रिटाबाईंनी तोंड मिटलं ते रविवारी दुपारी. सूप नाही, दही नाही, जेलीसुद्धा नाही. चमचा ओठांजवळ आला की त्या मान भिंतीकडे वळवत. सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईने एकदा नाही म्हटलं, की तिच्यापुढे कोणाची डाळ शिजणार? मंगळवारी संध्याकाळी इन्चार्ज नर्स नोरीनने अलकनंदाला बाजूला घेतलं.

"डॉक्टरांशी बोलले मी. उद्या संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर त्यांना मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागेल."

याचा अर्थ दोघींना ठाऊक होता. मार्च २०२० चा शेवटचा आठवडा होता. हॉस्पिटलात कोणाला भेटू देत नव्हते, आणि या वयाचं माणूस तिथून परत येईल याची हमी कोणीच देत नव्हतं.

आयर्लंडमधल्या एनिस गावाच्या कडेला, म्हाताऱ्या माणसांच्या त्या नर्सिंग होममध्ये अलकनंदा केअर असिस्टंट होती. मूळची नागपूरची, होम सायन्सची बी.एस्सी. नवरा देवदत्त जवळच्याच शॅननला सॉफ्टवेअरमध्ये. "एवढं शिकून म्हाताऱ्यांचे लंगोट बदलतेस?" असं मोठ्या नणंदेने फोनवर विचारलं होतं. "बदलते. आणि छान बदलते," असं सांगून अलकनंदाने फोन ठेवला होता. बाई फटकळच. पण ती या कामात का पडली, हे तिने नणंदेला काय, देवदत्तलाही कधी धड सांगितलं नव्हतं.

तिचे वडील मोरेश्वरराव, म्हणजे अप्पा, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांना घास गिळता येत नसे. ती दुधात पोळी कुस्करून, बोटांनी लोण्यासारखी मऊ करून त्यांना भरवायची. आठ महिने भरवलं. मग देवदत्तला आयर्लंडची नोकरी लागली. "जा बेटा, माझं काय," असं अप्पा म्हणाले आणि ती गेली. मागे वहिनी होती. वहिनी मायेने करायची, वेळेवर करायची, पण तिसऱ्या आठवड्यात अप्पांनी तोंड मिटलं ते मिटलंच. म्हणून ब्रिटाबाईंचे ते घट्ट आवळलेले ओठ पाहिले, की अलकनंदाला अप्पा आठवायचे.

ब्रिटाबाई जन्माने स्वीडनच्या. साठ वर्षांपूर्वी इथल्याच क्लेअर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याशी लग्न करून इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांची लेक शिनेड रोज चार वाजता बागेतून खिडकीशी यायची. सहा मार्चपासून आत कोणालाच सोडत नव्हते, त्यामुळे मायलेकी काचेतून एकमेकींकडे बघायच्या आणि अलकनंदा आतून फोन धरायची. रविवारपासून ब्रिटाबाई फोनकडेही बघेनात.

"बुधवारी पंचवीस तारीख," शिनेड रविवारीच फोनवर म्हणाली होती. "आईच्या देशात तो वॉफलचा दिवस. माझ्या जन्मापासून एकही वर्ष चुकलं नाही. पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची पाच पानं जोडलेली, साच्यात भाजलेली, कुरकुरीत. साचा मी दारात ठेवलाय. करशील, अल्का? वॉफल बघून तरी ती तोंड उघडेल."

बाहेरून आलेली वस्तू तीन दिवस मागच्या शेडमध्ये पडून राहायची, असा नियम होता. साच्याचे तीन दिवस बुधवारीच भरत होते.

आणि बुधवारीच गुढीपाडवा. सकाळी देवदत्तने पोछ्याच्या दांड्याला साडी बांधून गुढी उभारली. कडुनिंबाची हौस मेथीदाण्यांवर भागवली. सहा वर्षांच्या इरावतीने एक दाणा चावून "दॅट्स रँक, आई! शी!" म्हणत थुंकून टाकला. अलकनंदा बूट घालत होती.

"आज तरी नको जाऊस," देवदत्त म्हणाला. "ताप आहे म्हणून कळव ना. तिथून काही घेऊन आलीस घरी तर? इरा लहान आहे अजून."

"ताप आहे म्हटलं तर चौदा दिवस बसवतील घरी."

"बसवू देत! मला तेच हवंय."

"आणि त्या बाईंना कोण बघेल?"

"तुझ्याशिवाय तिथे कोणी नाहीये का?"

अप्पांच्या वेळीही तिने स्वतःला हेच सांगितलं होतं, की तिथे वहिनी आहे. ती इराचा पापा न घेताच निघाली. घेतला नाही हे तिला गाडीत बसल्यावर लक्षात आलं आणि डोळे भरून आले.

नोरीनने साचा औषधाच्या पाण्याने पुसून दिला, पण त्याआधी ब्रिटाबाईंच्या पलंगामागच्या कार्डावर बोट ठेवलं. त्यांना गिळायला त्रास व्हायचा, म्हणून कार्डावर लेव्हल चार लिहिलेलं होतं. गुठळी नको, चावावं लागेल असं काही नको.

"तू साचा चालव, माझी हरकत नाही. पण कुरकुरीत तुकडा त्यांच्या घशात अडकला, तर हॉस्पिटलची वाट बघायची वेळच येणार नाही. कळलं?"

"कळलं."

कळलं खरं, पण मग वॉफल करायचं कशाला? शिनेड चारला खिडकीशी येणार होती. त्याआधी काहीतरी सुचायला हवं होतं.

दोन वाजता अलकनंदाने पीठ भिजवलं. मैदा, दूध, वितळलेलं लोणी. अंडी समोरच होती, पण पाडव्याच्या दिवशी अंड्याला हात लावायचा तर तिचं मन घेईना. नोकरी आयरिश, देश आयरिश, पण सण आपला. तिने अंड्यांच्या जागी दही फेटून घातलं आणि आपण फार शहाणपणा केला असं तिला वाटलं.

तो शहाणपणा साच्याला चिकटला. झाकण उघडलं तर अर्धं वॉफल वर, अर्धं खाली. दुसरंही तसंच. तिसरं तिने जास्त वेळ ठेवलं, तर ते चिकटलंही आणि करपलंही. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली. चौथ्या वॉफलच्या चिंध्यांचा ढीग वाडग्यात पडला, तेव्हा तिला रडूच फुटायचं बाकी राहिलं. सोवळं सांभाळलंस ना, आता बस, असं ती स्वतःलाच म्हणाली. लेक काचेबाहेर उभी राहणार, आत आई उपाशी, आणि मध्ये हिच्या हातात चुरा.

त्या चुऱ्याकडे ती बघत राहिली. लोण्याचा वास, मऊ तुकडे, कडेला दुधाचं भांडं. तिच्या बोटांना आधी आठवलं, मग तिला.

तिने करपलेलं बाजूला काढलं, उरलेल्यावर कोमट दूध ओतलं, हातमोज्यांच्या बोटांनी ते कुस्करलं आणि गाळणीतून घासून काढलं. सणाच्या दिवशी पुरण वाटायचं, ते सोडून आज ती हे वाटत होती. नोरीन आली. तिने चमच्यात गोळा घेऊन चमचा तिरका केला. गोळा घसरून पाण्यासारखा पसरला.

"पातळ आहे. असं श्वासनळीत जाईल."

अलकनंदाने आणखी चुरा घातला, पुन्हा गाळलं. या वेळी गोळा चमच्यावर टिकला आणि तिरका करताच सबंध सुटून बशीत पडला.

"ग्रँड, जमलं," नोरीन म्हणाली, पण तिचा चेहरा तसाच होता. "मी शेजारी उभी राहते."

पाचवं वॉफल करताना अलकनंदाने साच्याला भरपूर लोणी चोपडलं. त्यातलं एक बदाम नशिबाने अख्खं निघालं. तेही तिने बशीत ठेवलं.

चार वाजता शिनेड काचेला कपाळ टेकून उभी होती. अलकनंदाने ब्रिटाबाईंना ताठ बसवलं आणि ते बदाम त्यांच्या तळहातावर ठेवलं. म्हातारीची बोटं त्याच्या कडेवरून हळूहळू फिरली. तिने ते नाकाशी नेलं. मग तोंडाशी. नोरीन एक पाऊल पुढे आली. अलकनंदाने ब्रिटाबाईंचा हात अलगद धरला. "हे हातात राहू दे. खायला हे घ्या," असं म्हणत तिने चमचा पुढे केला.

मान भिंतीकडे वळली.

पुन्हा चमचा, पुन्हा भिंत. काचेबाहेर शिनेडने तोंडावर हात धरला. अलकनंदाने चमचा खाली ठेवला. नवे हातमोजे चढवले, वाडग्यातला वाटाण्याएवढा गोळा बोटावर घेतला आणि ब्रिटाबाईंच्या खालच्या ओठाला लावला. "अप्पा, घ्या," असं ती पुटपुटली आणि आपण काय बोललो हे तिला कळलंही नाही.

ओठ हलले. जीभ आली आणि गेली. तिघीजणी त्या सुरकुतलेल्या गळ्याकडे बघत होत्या. गळा वर गेला, थांबला, खाली आला. खोकला आला नाही. अलकनंदाने दहा आकडे मोजले आणि दुसरा गोळा लावला. मग तिसरा. सातव्या घासाला ब्रिटाबाईंनी आपणहून तोंड उघडलं. बाहेर शिनेड काचेवर डोकं टेकून ढसाढसा रडत होती आणि त्या दिवशी ॲम्ब्युलन्स आली नाही.

पुढचं वर्ष कोणाच्या वैऱ्यावरही येऊ नये असं गेलं. नर्सिंग होममधल्या सात खोल्या रिकाम्या झाल्या. अलकनंदा दोनदा स्वतःच्या घरातल्या वरच्या खोलीत बंद होऊन राहिली, आणि दोन्ही वेळा देवदत्त ताट दाराशी ठेवताना एक शब्दही लागेल असं बोलला नाही. ब्रिटाबाई मात्र चिवट. बारीक होत गेल्या, पण राहिल्या. आणि २०२१ च्या मार्चच्या त्याच आठवड्यात, लस झालेल्या नर्सिंग होममध्ये लोकांना आत भेटायला सोडू लागले.

पंचवीस तारखेला शिनेड डबा घेऊन आत आली. वर्षभराने पहिल्यांदा काच मध्ये नव्हती. डब्यात अंडी घालून केलेली, सोनेरी, एकही कड न तुटलेली वॉफल्स होती. गिळायचा त्रास ठाऊक असल्यामुळे तिने सोबत वाडगा, दूध, गाळणी, सगळं आणलं होतं. नोरीनच्या देखरेखीखाली तिने सगळं नीट केलं, चमचा तिरका करूनही पाहिला आणि आईच्या ओठांशी नेला.

ब्रिटाबाईंनी मान भिंतीकडे वळवली. मग डोळे फिरवून त्या दारात उभ्या अलकनंदाला शोधू लागल्या.

शिनेडचा हात खाली आला. "वर्षभर मी या घटकेची वाट बघितली, अल्का," ती म्हणाली. "आणि ती माझ्या हातून खातही नाही. तूच भरव."

अलकनंदा पुढे झाली. वाडग्यासाठी हातही पुढे केला. आणि तिथेच थांबली. अप्पांना चमचा नको असायचा. बोटांनीच लागायचं, आधी ओठाला लावून. हे तिला एकटीला ठाऊक होतं. विमानतळावर जाताना तिने वहिनीला गोळ्यांच्या वेळा लिहून दिल्या होत्या, डॉक्टरांचा नंबर दिला होता, दूधवाल्याचासुद्धा. एवढं एकच सांगायचं राहिलं होतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, आपण गेलो म्हणून अप्पा गेले. पण दोष जाण्याचा नव्हता. सांगून गेली असती तर पुरलं असतं.

तिने वाडगा शिनेडच्याच हातात ठेवला.

"चमचा राहू दे," ती म्हणाली. "हात धुऊन ये, हातमोजे घाल. बोटावर अगदी थोडं घ्यायचं आणि खालच्या ओठाला लावायचं. मग थांबायचं. घाई करायची नाही."

शिनेड हात धुऊन आली. हातमोजे चढवून तिने बोटावर थोडंसं घेतलं. बोट आईच्या ओठाला टेकलं आणि तिथेच राहिलं.

ब्रिटाबाईंनी तोंड उघडलं.